दोन अविवाहित मुली

“जोडवी निघत नाहीत,” कुमुदताई म्हणाली.

“साबण लाव,” आई आतून ओरडली, “आणि आटप लवकर. गाडी फलाटाला लागली असेल.”

कुमुदताई न्हाणीच्या उंबऱ्यावर पाय पुढे सोडून बसली होती. मी तिच्या पायांच्या बोटांना साबणाचा फेस चोळत होते आणि एकेक जोडवं गोल गोल फिरवत काढत होते. दोन वर्षांत न निघालेली जोडवी. खाली बोटांवर पांढऱ्या खाचा पडल्या होत्या. तेवढ्यात आई आली. तिनं ओल्या पदरानं ताईचं कुंकू पुसलं आणि त्या जागी काळ्या गंधाचा बारीक ठिपका दिला. अंबाडा सोडून एक शेपटा घातला. मग दोन पावलं मागं सरून तिच्याकडे बघितलं आणि गळ्याकडे बोट केलं.

“आता ते.”

ताईनं मंगळसूत्र काढलं. काढलेलं मंगळसूत्र ठेवायचं कुठं, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण आमच्या घरात कुणा सवाष्णीनं ते कधी काढलंच नव्हतं. शेवटी आईनं तोड काढली. तिनं ते ताईच्या परकराच्या नाडीला गुंफलं आणि आत खोचून दिलं.

“अंगावर आहे ना, मग दोष नाही,” ती म्हणाली. “देवाला दिसतं. टी.सी.ला दिसायचं कारण नाही.”

ताई हसली. “मग आता मी कोण?”

“तू कुमुद प्रल्हाद निकुंभ,” बाहेरच्या खोलीतून अण्णा म्हणाले. आवाज चांगला खुशीत होता. “वय वर्षं वीस. अविवाहित. चला!”

ही गोष्ट १९६३ सालच्या उन्हाळ्यातली. अण्णा, म्हणजे आमचे वडील, भुसावळला रेल्वेत गार्ड होते आणि आम्ही रेल्वे कॉलनीत राहत होतो. मी बारा वर्षांची, भाऊ दिगू पंधराचा. कुमुदताईचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. अमळनेरच्या बिरारींकडे तिला दिली होती, त्यांचं कापडाचं दुकान होतं. चैत्रात ती माहेरपणाला म्हणून आली आणि वैशाख उजाडला तरी परत गेली नव्हती. का, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. “हवापालट” एवढंच ऐकलं होतं. भुसावळच्या मे महिन्यात हवापालटाला येणारी ती पहिलीच असावी.

“तिचं मन रमवायला हवं,” असं अण्णा आईला म्हणाले, आणि कधी नव्हे ते त्यांनी त्या वर्षाचे सगळे पास एका दमात काढले. शेगाव, बऱ्हाणपूर, नाशिक. रजा घेऊन, घरच्या सगळ्यांना घेऊन.

पासाचं थोडं सांगितलं पाहिजे. रेल्वेच्या माणसाला वर्षाला मोजके पास मिळत. त्यावर स्वतः, बायको आणि मुलं चालत. मुलगी मात्र अविवाहित असायला हवी. लग्न झालं की ती पासातून गेली. आता तुम्ही म्हणाल, तिचं तिकीट काढायचं. ते तुम्ही म्हणाल. आमच्या कॉलनीत तिकीट काढणं म्हणजे हलवायानं शेजाऱ्याकडून पेढे विकत आणण्यासारखं होतं. लोक तोंड लपवून हसले असते. “निकुंभ गार्डाची मुलगी खिडकीवर रांगेत उभी होती म्हणे!” आईला नुसती कल्पनाही सहन झाली नसती. “रेल्वे का परकी आहे? आपलीच आहे,” ती म्हणाली.

अण्णा तसे कडक. कचेरीतली पेन्सिल त्यांनी कधी घरी आणली नाही. “मला तुमच्या गार्डाच्या डब्यात बसवून न्या,” म्हणणाऱ्या माझ्या सख्ख्या मामाला त्यांनी भर फलाटावर खाली उतरवलं होतं. पण पासाच्या अर्जात त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं: स्वतः, पत्नी, एक मुलगा, दोन अविवाहित मुली. ताईच्या लग्नानंतर तिचं नाव कमी करायचं राहून गेलं होतं, त्याचा असा उपयोग झाला.

शेगावच्या गाडीत वाणी टी.सी. भेटले. हे वाणी ताईच्या लग्नात आमच्याकडे जेवले होते. मोतीचुराचे सात लाडू खाल्ले होते त्यांनी, दिगूनं मोजले होते. त्यांनी पास हातात घेतला, वाचला, चष्म्यावरून ताईकडे पाहिलं.

“दोन अविवाहित मुली,” ते म्हणाले. “काय गं कुमुद, तुझ्यासाठी स्थळं बघायला सुरुवात केली की नाही अण्णांनी?”

“बघतायत, काका,” ताई म्हणाली. “तुमच्या पाहण्यात असलं तर सांगा. लाडू तुम्हाला पुन्हा मिळतील.”

सगळा डबा हसला. अण्णा तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. शेगाव स्टेशनवर उतरलो आणि आईनं वेटिंगरूमच्या मागं चादर धरली. तिच्याआड ताईनं नाडीचं मंगळसूत्र सोडून गळ्यात घातलं, कपाळाला कुंकू लावलं, जोडवी मात्र घातली नाहीत. गजानन महाराजांच्या देवळात ती सवाष्ण म्हणून गेली. परत येताना पुन्हा चादर. मंगळसूत्र नाडीला. गरम कचोऱ्या खात अविवाहित होऊन परत आली.

आम्हाला त्यात मजा वाटत होती. मी खोटं कशाला बोलू? मला फार मजा वाटत होती.

बऱ्हाणपूरला तापीच्या घाटावर आईनं चादर काढली तर ताई म्हणाली, “राहू दे गं. संध्याकाळी पुन्हा काढायचंच आहे.”

“असं बोलू नये.”

“अंगावर आहे ना? तूच म्हणालीस, दोष नाही.”

आईनं चादरीची घडी घातली. ताई तशीच पाण्यात उतरली, साडी गुडघ्यापर्यंत खोचून. त्या दिवशी मी माझी जुनी बहीण पुन्हा पाहिली. लग्नाआधी ती दोन बोटं तोंडात घालून गार्डासारखी शिट्टी मारायची, नुसत्या आवाजावरून कुठलं इंजिन आलं ते सांगायची. त्या दिवशी तिनं शिट्टी मारली आणि पल्याडच्या काठावरचे धोबी चमकून बघायला लागले. मावा-जिलबी दिगूच्या बरोबरीनं खाल्ली. माझ्या केसांत वाळू भरली. फक्त एक होतं. डावीकडून हाक मारली की तिला ऐकू यायचं नाही. दिगू मुद्दाम तिच्या डाव्या बाजूला जाऊन “कुमी, कुमे, कुमडे” म्हणायचा आणि ती बघत नाही म्हणून खिदळायचा.

“सासरी गेलीस आणि कान तिथंच विसरून आलीस काय गं?” अण्णाही म्हणाले.

“हो,” ती म्हणाली. “एक विसरला.”

आम्ही हसलो.

बऱ्हाणपूरहून आलो तर घरी अमळनेरचं कार्ड पडलं होतं. सासऱ्यांनी लिहिलं होतं की जूनच्या पहिल्या आठवड्यात चि. भास्कर सौ. कुमुदला न्यायला येत आहे, तरी तिची पाठवणी करावी. आईनं ते कार्ड देवापुढं ठेवलं. “झालं बाई एकदाचं,” ती म्हणाली. “बोलावणं आलं.” ताई जेवायला बसली नाही. मीठ-मिरची लावलेली कैरीची फोड मी तिच्याकडे नेली, तर तिनं ती माझ्याच तोंडात घातली.

नाशिकची सहल त्यानंतरची. जाताना कुणी काही विचारलं नाही. ताईनं आपणहून मंगळसूत्र काढलं, आपणच नाडीला बांधलं, आणि नाशिकला उतरल्यावरही गळ्यात घातलं नाही. गोदावरीच्या घाटावर आंघोळी झाल्या, दर्शनं झाली. एका झाडाखाली आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी सोडून बसलो. जेवण झाल्यावर ताईनं पिशवीतून एक घडी केलेला कागद काढला आणि अण्णांच्या पुढं ठेवला.

“हे काय?”

“लीलानं पाठवलाय.” लीला म्हणजे कॉलनीतल्या फायरमनची मुलगी, ताईच्या वर्गातली. ती नाशिकच्या एका दवाखान्यात नर्सिंग शिकत होती. “तीन वर्षांचा कोर्स. राहायला तिथंच. जेवणखाण तिथलं. तुमची सही हवी. आज नेऊन दिला तर या वर्षी घेतील, लीलानं मोठ्या बाईंशी बोलून ठेवलंय.”

अण्णांनी कागद उलगडला. वाचला. पुन्हा वाचला.

“यात लिहिलंय, उमेदवार अविवाहित किंवा विधवा असावी.”

“विधवा लिहिता येत नाही,” ताई म्हणाली. “तो जिवंत आहे.”

“कुमुद!” आईनं तोंडावर हात ठेवला.

“अविवाहित लिहा, अण्णा.”

“खोटं लिहू? सरकारी कागदावर?”

“पासावर लिहिलंत की.”

“ती गोष्ट वेगळी.”

“कशी वेगळी?”

अण्णा चिडले. “पास म्हणजे चार दिवसांची गंमत. हा जन्माचा प्रश्न आहे. लग्न झालेली मुलगी मी कुमारी म्हणून लिहून देऊ आणि उद्या बिरारी दारात उभे राहिले तर काय सांगू?”

“सांगा, मुलीचा कान फोडलात, आता ती परत मिळणार नाही.”

मला कळेना कुठला कान. ताईनं डाव्या कानामागचे केस बाजूला केले आणि अण्णांच्या बाजूला वळून बसली. बाहेर काही दिसत नव्हतं. दिसण्यासारखं जे होतं ते आत होतं.

“संक्रांतीच्या आदल्या दिवशी,” ती म्हणाली. “भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून. पाच बोटांची एकच. तीन दिवस कानातून रक्त येत होतं. सासूबाईंनी तेल घातलं. आता त्या कानात नुसती शीळ वाजते, रात्रंदिवस, इंजिन वाफ सोडतं ना, तशी. त्याआधी काय काय झालं ते सांगत नाही, नलू बसलीय.”

नलू म्हणजे मी. मी दिगूकडे पाहिलं. तो जमिनीत काडीनं रेघोट्या ओढत होता.

आईला हे माहीत होतं. ती रडायला लागली, पण नवल वाटल्यासारखी नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं. चैत्रात आली त्याच दिवशी ताईनं आईला सांगितलं असणार, आणि आईनं अण्णांना. आणि दोघांनी मिळून ठरवलं असणार की हिला शेगाव, बऱ्हाणपूर, नाशिक दाखवू, म्हणजे हिचं मन रमेल आणि ही परत जाईल. सहा आठवड्यांच्या आमच्या सगळ्या गमतीचा अर्थ तो होता.

“पुरुषाचा हात एखादे वेळी उठतो,” अण्णा खाली बघत म्हणाले. “मी भास्कररावांशी बोलेन. नीट बोलेन. पण माझ्या हातून सरकारी कागदावर खोटं होणार नाही.” आणि कागद घडी करून त्यांनी तिच्या पुढ्यात ठेवला.

ताईनं तो उचलला. पिशवीत टाकला. आम्ही चिवडा घेतला, टांग्यातून नाशिकरोडला आलो. दुपारची गाडी होती. फलाटावर आईनं सवयीनं चादर उघडली.

“नको,” ताई म्हणाली. तिनं परकराच्या नाडीचं मंगळसूत्र सोडलं, उघड्यावर, हमाल बघत असताना, आणि गळ्यात घातलं. आईच्या पिशवीतली करंडी काढून रुपयाएवढं कुंकू लावलं.

“अगं, आता गाडीत बसायचंय!”

“म्हणूनच.”

गाडीत चढलो तेव्हा आईला वाटलं, बसेल जरा वेळ रुसून, मग काढेल. लासलगाव गेलं. मनमाडला एक परका टी.सी. चढला, उंच, शिडशिडीत, भुसावळचा नव्हे. डब्याच्या त्या टोकापासून एकेक तिकीट पंच करत तो येऊ लागला.

“कुमुद, काढ,” आई म्हणाली.

“खोटं कशाला बोलायचं आई? माझं लग्न झालंय.”

“अगं अण्णांची नोकरी जाईल.”

“मग ठरवा तुम्ही सगळे एकदा,” ताई म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता, पण समोरच्या बाकावरची म्हातारी खाली वाकून ऐकू लागली होती. “माझं लग्न झालंय की नाही? शेगावला झालं नव्हतं. बऱ्हाणपूरला नव्हतं. टी.सी. आला की नसतं. अमळनेरचं कार्ड आलं की असतं. तुम्ही म्हणाल तेव्हा मी गळ्यातून काढायचं, तुम्ही म्हणाल तेव्हा घालायचं. मी म्हटलं की मात्र दोष लागतो.”

तिनं मांडीवर ट्रंक ओढली, तिच्यावर तो कागद पसरला, अण्णांच्याच कोटाच्या खिशातलं फाउंटन पेन काढून त्यावर ठेवलं.

“सही करा. मी हे काढते. टी.सी.पुरतं नाही, कायमचं.”

टी.सी. तीन बाकं पलीकडे होता.

“करा हो सही!” आई कुजबुजली. घाटावर रडणारी माझी आई आता नवऱ्याची नोकरी वाचवायला निघाली होती. “कागदच आहे. करून टाका. पुढचं पुढं बघू.”

ताई माझ्याकडे वळली. “नलू, तू सांग. काढू का?”

आज मला कुणी हे विचारलं तर माझ्याकडे पुष्कळ उत्तरं आहेत. तेव्हा मी म्हणाले, “काढ ना गं ताई, एवढं काय त्यात? सगळे बघतायत.”

तिनं मान हलवली, “बरं” म्हटल्यासारखी, आणि पुन्हा अण्णांकडे बघू लागली.

अण्णांनी पेन उचललं. टोपण काढलं. कागदावर त्यांची मान वाकलेली मी पाहिली. निब त्या रेघेच्या वर येऊन थांबली होती, जिथं ‘पालकाची सही’ असं छापलं होतं. मी आजही शपथेवर सांगेन, ते सही करणार होते. अजून अर्धं मिनिट मिळालं असतं तर त्यांनी केली असती. की नसती. मला ठाऊक नाही. साठ वर्षं मी त्या निबेकडे बघते आहे.

“पास, प्लीज,” टी.सी. म्हणाला.

अण्णा उठून उभे राहिले. कोटाची बटणं लावली. पास काढून त्याच्या हातात दिला आणि सगळ्या डब्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “मी प्रल्हाद निकुंभ, गार्ड, भुसावळ. या पासावर दोन अविवाहित मुली लिहिल्या आहेत. यातली मोठी विवाहित आहे. चूक माझी आहे. तिचं तिकीट दंडासकट फाडा.”

टी.सी. गोंधळून गेला. त्यानं पासाकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं. भला माणूस होता.

“साहेब, बसा हो,” तो हळूच म्हणाला. “तुमची मुलगी आहे. लग्न झालं म्हणून मुलगी राहत नाही का? मी काही बघितलं नाही.”

“नाही. नियम म्हणजे नियम.”

“अहो, सहा महिन्यांनी निवृत्त होणार मी. कशाला मला हे करायला लावता?”

“लिहून देतो मी,” अण्णा म्हणाले. आणि त्याच पेनानं, ताईनं पुढं केलेल्या पेनानं, त्यांनी पासाच्या मागं सुवाच्य अक्षरात लिहून दिलं की माझी ज्येष्ठ कन्या सौ. कुमुद भास्कर बिरारी ही विवाहित असून माझ्या नजरचुकीने तिचे नाव समाविष्ट झाले आहे. खाली सही केली. वळणदार, ठसठशीत.

टी.सी.नं पावती फाडली. समोरची म्हातारी म्हणाली, “असा माणूस बघितला नाही बाई.” कुणीतरी हात जोडले. कुणीतरी अण्णांना पाणी दिलं. अण्णांचा चेहरा घामानं चमकत होता आणि त्यावर कसलंसं समाधान होतं. इतकी वर्षं झाली, तरी मला ते समाधान माफ करता आलेलं नाही.

“पावती माझ्याकडे द्या,” ताई म्हणाली. “माझ्या नावाची आहे.” जन्मात पहिल्यांदा तिच्या हातात रेल्वेचं तिकीट आलं होतं. तिनं ते नर्सिंगच्या कागदात ठेवलं, कागदाची घडी केली, आणि चाळीसगाव गेल्यावर खिडकीतून सोडून दिली. वाऱ्यावर ती थोडा वेळ डब्याबरोबर उडत आली.

अण्णांची नोकरी गेली नाही. कचेरीत बोलावून कानउघाडणी झाली, आणि स्वतःहून कबुली दिली म्हणून पुढच्या वर्षी प्रामाणिकपणाचं प्रशस्तिपत्र मिळालं. ते आज दिगूच्या दिवाणखान्यात काचेत आहे. दिगू रेल्वेतच लागला, स्टेशनमास्तर म्हणून निवृत्त झाला. लग्नकार्यात, वाढदिवसात, अण्णांच्या जन्मशताब्दीला, जिथं चार माणसं जमतील तिथं तो ही गोष्ट सांगतो. ‘आमच्या लहानपणीचा सहलींचा उन्हाळा’ असं म्हणून सुरुवात करतो. कचोऱ्या येतात, मावा-जिलबी येते, वाणींचे सात लाडू येतात. मग नाशिकची परतीची गाडी. टी.सी. म्हणतो, मी बघितलं नाही; अण्णा म्हणतात, नियम म्हणजे नियम. टाळ्या. त्याच्या सांगण्यात ‘आमची थोरली बहीण’ आधी होती. मग ‘बरोबरची एक मुलगी’ झाली. शताब्दीला ‘कुणी एक नातेवाईक बाई’ झाली. माझ्या शेजारी बसलेल्या त्याच्या नातीनं विचारलं, “आजी, कोण होत्या त्या?” मी सांगितलं. ती म्हणाली, “पण आजोबा तर म्हणाले तुम्ही दोघंच भावंडं.”

त्याची गोष्ट पावती फाडल्यावर संपते. ती तिथं संपली नाही. पुढचं दिगू सांगत नाही, म्हणून मी सांगते.

नऊ दिवसांनी भास्करराव आले. गोरे, नीटनेटके, पांढरा शर्ट. अण्णांच्या पाया पडले. अण्णा त्यांच्याशी ‘नीट’ बोलले. व्हरांड्यात दोघं पाच मिनिटं उभे होते आणि मग चहा प्यायले. निघताना भास्कररावांनी ताईला डाव्या बाजूनं हाक मारली. ती वळली नाही, तेव्हा आमच्याकडे बघून हसले. “हल्ली हिला जरा कमी ऐकू येतं,” ते म्हणाले. “लक्ष नसतं.”

आईनं ओटी भरली. मी ताईच्या पायाशी बसले आणि जोडवी घातली. काढताना जड गेलं होतं, घालताना सोपं गेलं.

सुरत लाइनच्या सकाळच्या पॅसेंजरनं ते जाणार होते, आणि त्या गाडीवर त्या दिवशी गार्ड अण्णाच होते. ड्यूटी बदलून घेता आली असती. कॉलनीतल्या कुणीही आनंदानं घेतली असती. त्यांनी कुणाला विचारलं नाही.

गाडी सुटायच्या आधी ते पांढऱ्या गणवेशात, बगलेत दोन्ही निशाणं घेऊन, ताईच्या खिडकीपाशी आले. मी खिडकीचे गज धरून उभी होते.

“पाणी घेतलंस का?” अण्णांनी विचारलं.

“घेतलं.” मग ताई म्हणाली, “पासातलं माझं नाव खोडलंत का?”

“खोडलं. परवाच अर्ज दिला.”

“म्हणजे आता मी तुमच्यात नाही.”

“असं काय बोलतेस? कागदावरचं आहे ते.”

“हो,” ताई म्हणाली. “कागदावरचंच.”

खिडकीच्या गजावर अण्णांनी हात ठेवला, माझ्या हाताशेजारी. मला वाटलं, आता म्हणतील, उतर. एवढा एकच शब्द होता. भास्करराव वर्तमानपत्र वाचत होते. ट्रंक बाकाखाली होती, हात घालून मीच ओढून काढली असती. ताईचं लक्ष त्यांच्या तोंडाकडे होतं, उजवा कान खिडकीकडे करून ती बसली होती, शब्द आला तर चुकू नये म्हणून.

सिग्नल पडला. अण्णांनी हात काढून घेतला आणि फलाटावरून मागच्या डब्याकडे चालत गेले. पायरीवर चढले, खिशातलं घड्याळ पाहिलं, शिट्टी मारली आणि हिरवं निशाण बाहेर धरलं.

सात पस्तीसची गाडी सात पस्तीसला सुटली.